गव्हला ते पास्ता : एका पिठाची गोष्ट

आपल्या घरांत पास्ता येऊन फार वर्षे झालेली नाहीत. मस्कतमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना मात्र तो वरणभाताइतकाच ओळखीचा आहे. सुट्टीच्या दिवशी "आज काय करू?" असे विचारले, की हमखास तेच उत्तर येते. पास्ता इटलीचा, नूडल्स चीनच्या आणि शेवया आजीच्या, अशी वाटणी मुलांनी करून ठेवली आहे, आणि खरे सांगायचे तर आपणही ती मान्य केली आहे. या लेखात मला ही वाटणी जरा तपासून पाहायची आहे. कारण पीठ मळून, ते हाताने वळून, ओले किंवा वाळवून, शिजवून खाण्याच्या विद्येत मराठी घर इटलीच्या शेजारी मान वर करून बसू शकते. फरक एवढाच, की इटलीने आपला ठेवा मोजून, लिहून, नोंदवून ठेवला आणि आपण तो आजीच्या बोटांवर सोडून दिला. ती बोटे आता थकली आहेत.

पास्ता म्हणजे नेमके काय?

इटालियन भाषेत 'पास्ता' म्हणजे मळलेले पीठ, आपल्या भाषेत कणकेचा गोळा. त्याचे दोन मोठे घराणे आहेत. उत्तर इटलीत, बोलोन्याच्या परिसरात, मऊ गव्हाचा मैदा आणि अंडी घेऊन ताजा पास्ता करतात. तो लाटून, कापून त्याच दिवशी शिजवायचा. दक्षिणेत कठीण गव्हाचा, म्हणजे डुरम गव्हाचा रवा आणि नुसते पाणी घेतात. तो पास्ता ताजाही खातात आणि वाळवून वर्षभर ठेवताही येतो.

मी परदेशात एम.एस. करत असताना वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतातला एक वर्गमित्र रविवारी घरचा पास्ता करत असे. अंडे नाही, यंत्र नाही. रवाळ पीठ, कोमट पाणी आणि एक बोथट सुरी, एवढेच साहित्य. पिठाची करंगळीएवढी लांब वळी करायची, तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा सुरीने दाबत ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झाला छोटासा कान! 'ओरेक्किएत्ते' या नावाचा अर्थच 'इवलेसे कान' असा आहे. ताजा पास्ता मी त्याच्याकडून शिकलो, पण शिकताना सारखे वाटत होते की असे चालणारे हात आपण आधी कुठेतरी पाहिले आहेत. आमच्या घरी लग्नकार्याआधी आत्या आणि मावश्या ताटाभोवती बसून नखुले करत, ते या कानांचेच भावंड!

मराठीत या सगळ्या प्रकारांना मिळून एक सुंदर शब्द आहे, 'वळवट'. हाताने वळलेले ते वळवट. त्यात गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे आणि शेवया येतात. विदर्भात याच कुळातले सरगुंडे करतात. भिजवलेल्या पिठाची तार एका काडीभोवती मळसूत्रासारखी गुंडाळायची, काडी काढून घ्यायची आणि शिजवून आमरसाबरोबर खायचे. दक्षिण इटलीत बायका लोखंडी सळईवर पीठ वळून फुसिल्ली करतात, ती रीत याच्या इतकी जवळची आहे, की विदर्भातली आजी आणि इटलीतली आजी एका ओट्यावर बसल्या, तर त्यांना दुभाष्याची गरज पडणार नाही.

चार भाषा, एकच दाणा

गव्हल्याचे नाव गव्हावरून आले, कारण तो गव्हाच्या दाण्याएवढा वळायचा असतो. आता गंमत पाहा. इटलीत अशाच दाण्याच्या आकाराच्या पास्त्याला 'ओर्झो' म्हणतात आणि ओर्झो म्हणजे जव, आपले सातू. इथल्या दुकानात भातात घालायच्या शेवयांच्या पाकिटावर अरबीत 'शईरिया' लिहिलेले असते. अरबीत 'शईर' म्हणजेही जव. तुर्की लोक याच प्रकाराला 'अर्पा शेहरिये' म्हणतात. त्यातल्या 'अर्पा'चा अर्थही जवच.

आणि संस्कृतात? सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'सेविका' नावाचा पदार्थ येतो. गव्हाच्या बारीक पिठाच्या अगदी लहान, जवाच्या आकाराच्या वाती वळाव्यात, त्या वाळवाव्यात, दुधात शिजवाव्यात आणि तूप-साखर घालून खाव्यात, असे तिथे सांगितले आहे. ही तर आपली गव्हल्यांची खीर! नाव शेवईच्या जवळचे आणि आकार मात्र गव्हल्याचा. इटालियन, अरबी, तुर्की आणि संस्कृत, या चारही ठिकाणी पीठ वळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर पुन्हा धान्याचा दाणाच आला. दळून मोडलेला दाणा त्याने बोटांनी परत घडवला.

भावमिश्र त्या पिठाला 'समिता' म्हणतात. अरबीत रव्याला 'समीद' म्हणतात आणि इंग्रजी-इटालियन पाकिटांवर 'सेमोलिना' असते. सेमोलिना हा शब्द लॅटिन 'सिमिला'वरून आला आणि त्याच्या मुळाशी मेसोपोटेमियाकडचा जुना शब्द असावा, असे भाषातज्ज्ञ मानतात. संस्कृतातली समिताही कानाला त्याच घरातली वाटते.

मार्को पोलोची दंतकथा आणि इद्रिसीची नोंद

मार्को पोलोने चीनहून पास्ता इटलीत नेला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. ती खरी नाही. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. त्याच्या १६ वर्षे आधी, १२७९ मध्ये, जिनोव्हा शहरातल्या एका माणसाच्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या एका पेटीची नोंद झालेली आहे. मार्को पोलोच्या कथेचा प्रसार पुष्कळसा अमेरिकेतल्या पास्ता व्यवसायाच्या एका मासिकामुळे झाला. त्यात ती १९२९ साली छापून आली होती. चीनच्या नूडल्स मात्र खरोखरच फार जुन्या आहेत. चीनमधल्या लाजिया येथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा, उपड्या वाडग्याखाली टिकून राहिलेला नूडल्सचा पुंजका सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. पण इटलीच्या वाळवलेल्या पास्त्याला चीनचे देणे लागत नाही. त्याचा माग आपल्याला अरबी जगाकडे नेतो.

११५४ साली अल् इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञाने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी जगाच्या वर्णनाचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाबद्दल तो सांगतो, की तिथे 'इत्रिया' मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि जहाजे भरभरून मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत रवाना होते. इत्रिया म्हणजे वाळवलेल्या शेवया. सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकात अरबांची सत्ता होती आणि वाळवलेल्या पास्त्याची कला तिथे त्यांच्याबरोबर रुजली, असे बरेच इतिहासकार मानतात. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या एका पाकग्रंथात 'रिश्ता' हा पदार्थ आहे. रिश्ता हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ धागा. शेवयांना यापेक्षा चपखल नाव कोणते? इंग्रजांनी मात्र इटालियनांकडून 'व्हर्मिसेली' उचलले, ज्याचा अर्थ 'इवले किडे' असा होतो. आजही आपल्या शेवयांच्या पाकिटावर तेच छापलेले असते!

इत्रिया हा शब्द पोर्तुगालमध्ये 'अलेत्रिया' होऊन राहिला आहे. तिथे नाताळात बारीक शेवया दूध, साखर आणि अंड्याचा बलक घालून शिजवतात व वर दालचिनीची पूड भुरभुरतात. अंडे वगळले, तर ती आपली शेवयांची खीरच.

आणि आखाताकडे पाहिले, तर इथला 'बलालीत' आहेच. साखर, वेलची, केशर घातलेल्या गोड शेवया आणि वर अंड्याची पोळी. तो इथला न्याहारीचा पदार्थ आहे. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शेवया गोड खातात, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

हवेने ठरवलेले स्वयंपाकघर

ताजा पास्ता उत्तरेत आणि वाळवलेला दक्षिणेत असे इटलीत का झाले? एक कारण गव्हाचे. डुरम गहू दक्षिणेच्या कोरड्या, उन्हाळी हवेत चांगला येतो. दुसरे कारण वाळवण्याचे. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात डोंगराकडचा वारा आणि समुद्राकडचा वारा यांच्या अदलाबदलीत पास्ता सावकाश वाळत असे. फार झटकन वाळला, तर वरचा थर आधी आकसतो आणि पास्त्याला चिरा पडतात. फार हळू वाळला, तर आंबतो किंवा बुरशी धरतो.

आता महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवा. देशावर, मराठवाड्यात, खानदेशात आणि विदर्भात गहू पिकतो आणि चैत्र-वैशाखात हवा खडखडीत कोरडी असते. म्हणून तिथे शेवया आणि कुरडया वाळवून डबे भरण्याची पद्धत पडली. कोकणात तांदूळ पिकतो आणि हवा दमट, म्हणून मालवणकडे तांदळाचे शिरवाळे करतात. शिजवलेल्या पिठाचे गरम गोळे लाकडी साच्यातून दाबायचे आणि नारळाच्या गोड रसाबरोबर लगेच खायचे. वाळवण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे इटलीत उत्तर-दक्षिण अशी जी विभागणी झाली, ती आपल्याकडे सह्याद्रीने पूर्व-पश्चिम अशी केली. पलीकडे वाळवलेला, अलीकडे ताजा. कोणी शिकवले नाही, कोणी कोणाचे पाहिले नाही. हवा आणि धान्य यांनी दोन्हीकडे सारखाच निवाडा दिला.

खपली आणि अलस

पास्त्याला डुरमच का लागतो? गव्हातल्या ग्लुटेनमध्ये दोन प्रकारची प्रथिने असतात. एकामुळे पीठ ताणले जाते आणि दुसऱ्यामुळे त्याला बळकटी येते. डुरममध्ये बळकटी जास्त, म्हणून त्याचा पास्ता उकळत्या पाण्यात आकार सोडत नाही. इटलीने १९६७ साली कायदाच केला, की वाळवलेला पास्ता डुरमचाच हवा. आपल्याकडच्या जुन्या बायकांना कायद्याची गरज नव्हती. शेवयांना बन्सी गहू घ्यायचा हे त्यांना ठाऊक होते आणि बन्सी हा डुरमच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने डुरमचे अनेक वाण विकसित केले आहेत. १९४६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले नाव महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स असे होते. म्हणूनच तिच्या वाणांच्या नावापुढे 'एमएसीएस' ही अक्षरे लागतात.

डुरमच्याही आधीचा आपला गहू म्हणजे खपली. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बेळगावकडची मंडळी तो चांगलाच ओळखतात. खपलीचे शास्त्रीय घराणे एमर गव्हाचे. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने जी पहिली धान्ये लागवडीखाली आणली त्यांत एमर होता आणि त्यातूनच पुढे डुरम निपजला. म्हणजे खपली ही पास्त्याच्या गव्हाची आजी झाली.

आपल्यासाठी यातला सर्वांत आनंदाचा भाग असा, की ही आजी ओमानमध्येही आहे. उत्तर ओमानच्या डोंगरी वाड्यांमध्ये, फलजच्या पाण्यावर, शेतकऱ्यांनी एमर गहू पिढ्यान्पिढ्या जपला. त्याला इथे 'अलस' म्हणतात. जबल अखदरची सहल आपण सगळेच करतो, पण पायऱ्यापायऱ्यांच्या त्या चिमुकल्या वाफ्यांकडे पाहताना, इथे आपल्या खपलीचे नातलग नांदत आले आहेत, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

ओमान आणि आपला किनारा यांचे नाते तसे एका वाडग्यातही दिसते. ओमानच्या शर्किया भागात मबसली जातीचे खजूर मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवतात. या वाळवलेल्या खजुराचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे भारत. आपण त्याला खारीक म्हणतो. ईदला महाराष्ट्रात घरोघरी जो शिरखुर्मा होतो, त्यातला 'शीर' म्हणजे दूध, 'खुर्मा' म्हणजे खजूर आणि दोघांना बांधून ठेवणाऱ्या शेवया. समुद्राच्या दोन काठांची भेट यापेक्षा गोड कुठे होणार?

ज्यांचे हात, त्यांचे नाव नाही

इथपर्यंतचा इतिहास राजांचा, व्यापाऱ्यांचा आणि गव्हाचा झाला. पण वळवट ज्यांनी केले त्यांचा इतिहास कोणी लिहिला?

पाटावरची शेवई एकटीने होत नाही. गहू ओलवून, दळून, बारीक कापडातून चाळून पीठ काढायचे. ते घट्ट भिजवून मुरू द्यायचे आणि मग कुटून-तिंबून लोण्यासारखे करायचे. पाट तिरका लावायचा. एकीने तळहाताखाली गोळा घासत तार काढायची, दुसरीने ती न तुटू देता झेलायची आणि काठीवर टाकायची. आज तुमच्या घरी, उद्या आमच्या घरी, असे ते चाले. या कामाला पगार नव्हता, पण हिशेब मात्र चोख असे.

लग्न-मुंजीच्या आधी गव्हल्यांचा मुहूर्त करत. तो सवाष्णींनीच करायचा, असा दंडक होता. आमच्या घरात सर्वांत सुबक हात एका विधवा आत्याचा होता. मुहूर्ताच्या वेळी ती आतल्या खोलीत बसे आणि सवाष्णींनी हळदीकुंकू लावून पाच-पाच गव्हले केले, की उरलेले सगळे काम तिच्यासमोर येई. पंगतीत खिरीचे कौतुक होई, पण तिचे नाव कोणी घेत नसे. हा इतिहासही गव्हल्यांचाच आहे आणि तो गाळून बाकीचे सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही.

पुढे शेवया पाडण्याची हाताने फिरवायची यंत्रे आली, मग पाकिटे आली. फ्लॅटला गच्ची नव्हती आणि नोकरी करणाऱ्या बाईला वैशाखाची दुपार मोकळी नव्हती. बायकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, तो खराच होता. काही वाळवणांनी तर बायकांना स्वतःची कमाईही दिली. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेले लिज्जत पापड हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. म्हणून 'गेले ते सुंदर दिवस' असे रडगाणे मला गायचे नाही. कष्ट गेले ते बरेच झाले. प्रश्न एवढाच आहे, की कष्टांबरोबर विद्याही जावी का?

बोलोन्या शहराने १९७२ साली काय केले ते पाहा. ताल्यातेल्ले या पास्त्याच्या पट्टीची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर असावी, म्हणजे शहरातल्या प्रसिद्ध आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग, असे ठरवून त्यांनी व्यापारी मंडळात त्याची रीतसर नोंद केली आणि सोन्याची एक पट्टीही तिथे ठेवली. ओरेत्ता झानिनी दे व्हिता या विदुषीने गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारत ३०० हून अधिक आकारांचा कोश तयार केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. २०१४ पासून 'पास्ता ग्रॅनीज' नावाने इटलीतल्या आज्यांचे हात चित्रफितींत टिपले जात आहेत. माझा व्यवसाय संगणकाचा. आमच्याकडे एखादी प्रणाली एकाच माणसाच्या डोक्यात असेल आणि तिची कागदपत्रे नसतील, तर तो मोठा धोका समजतात. आपले वळवट नेमके त्याच अवस्थेत आहे.

मस्कतच्या फ्लॅटमध्ये

हे सगळे इथे करता येते का? येते, आणि फारसे अवघडही नाही. मी करतो ते प्रमाण देतो.

ताज्या पास्त्यासाठी १०० ग्रॅम मैद्याला १ अंडे. दहा मिनिटे मळायचे, झाकून अर्धा तास ठेवायचे. या अर्ध्या तासात पीठ पाणी पिते आणि ताणलेले ग्लुटेन सैल होते. मग पातळ लाटून, घडी घालून, सुरीने पट्ट्या कापायच्या. भरपूर खारट उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत शिजतो. शाकाहारी घरांसाठी दक्षिणेची रीत उत्तम. १०० ग्रॅम डुरमचा बारीक रवा आणि साधारण ५० मिली कोमट पाणी.

गव्हल्यांना हेच पीठ चालते, फक्त पाणी किंचित कमी घेऊन घट्ट भिजवायचे. दोन तास मुरू द्यायचे, तुपाचा हात लावून कुटायचे. मग चिमटीत जिऱ्याएवढी कणी घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वळायची, दोन्ही टोके निमुळती ठेवायची. वाळवण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. गॅलरीत ताटावर मलमलचे फडके घालून सावलीत दोन दिवस ठेवावे. उन्हाळ्यात किनाऱ्यावरची हवा दमट, तेव्हा एसीच्या खोलीतले जेवणाचे टेबल उपयोगी पडते. एसीची हवा कोरडी असते. वाळलेले गव्हले तुपावर परतून दुधात शिजवले, की खीर तयार.

मुलांना यात पटकन गोडी लागते, कारण ही खाता येणारी माती आहे. मुलगे आणि वडील यांनाही ताटाभोवती बसवावे. सवाष्णींचा दंडक तर केव्हाच मोडायला हवा होता.

हिवाळ्यात आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील, सासू-सासरे व्हिजिट व्हिसावर इथे येतात. त्यांना मॉल आणि मशीद दाखवून झाली, की एक शुक्रवार मोकळा ठेवा. भिजवलेला रवा समोर ठेवा, मोबाईलचा कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर लावा आणि पीठ किती, पाणी किती, किती वेळ मुरले, हे वजनकाट्यावर मोजून लिहून घ्या. गव्हल्याशेजारी एक पट्टी ठेवून त्याची लांबीही मोजा. आपल्या मंडळाने अशी शंभर घरांची टिपणे जमवली, कोणत्या गावाची रीत आणि कोणाचे हात हे नावानिशी लिहिले, तर पुढच्या एखाद्या स्मरणिकेत मराठी वळवटाचा छोटासा कोश छापता येईल. त्यात माझ्याकडून पहिले नाव आमच्या आत्याचे असेल.